आफ्रिकेतील एचआयव्ही-एड्सची साथ कशी मोजली जाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतील एचआयव्हीबाधितांचे आकडे नेमके कोण ठरवते?

मुख्यतः त्या त्या देशाचे आरोग्य मंत्रालय आणि त्याच्या जोडीला संयुक्त राष्ट्रांचा 'यूएनएड्स' हा कार्यक्रम. यूएनएड्सचे काम 1996 मध्ये जिनिव्हाहून सुरू झाले. प्रत्येक देशातील आरोग्य अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ यांचे पथक दरवर्षी 'स्पेक्ट्रम' नावाच्या संगणकप्रणालीत आपल्या देशाची माहिती भरते. त्यात लोकसंख्येची वयोगटवार रचना, घरोघरच्या सर्वेक्षणांचे निष्कर्ष, गरोदर मातांच्या तपासण्या आणि औषधोपचार घेणाऱ्यांची संख्या यांचा समावेश असतो. या माहितीवरून साथीची सुरुवातीपासूनची वाटचाल पुन्हा मांडली जाते, यूएनएड्सचे तज्ज्ञ ती तपासतात आणि साधारण जुलै महिन्यात आकडे प्रसिद्ध होतात. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, जे आकडे जाहीर करते, त्यांच्यामागेही हीच प्रणाली आहे.

म्हणजे ही माणसे प्रत्यक्ष मोजलेली नसतात?

नसतात. एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या माणसाला अनेक वर्षे कोणताही त्रास जाणवत नाही, त्यामुळे कित्येक बाधितांना स्वतःलाच त्याची कल्पना नसते आणि दवाखान्याच्या वहीत त्यांचे नाव येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून प्रसिद्ध होणारा प्रत्येक आकडा हा अंदाज असतो आणि त्याच्यासोबत खालची व वरची मर्यादा दिलेली असते. 2024 अखेर जगात 4 कोटी 8 लाख लोक एचआयव्हीसह जगत होते असे आपण वाचतो, पण मूळ तक्त्यात तो आकडा 3 कोटी 70 लाख ते 4 कोटी 56 लाख यांच्या दरम्यानचा म्हणून दिलेला आहे. दोन मर्यादांमध्ये 86 लाख माणसांचे अंतर आहे. बातमी लिहिताना हा कंस बहुधा गाळला जातो आणि मग अंदाजाला शिरगणतीचे रूप येते.

या एकूण संख्येपैकी 2 कोटींहून अधिक लोक एकट्या पूर्व व दक्षिण आफ्रिका विभागात राहतात, तर पश्चिम व मध्य आफ्रिकेत सुमारे 50 लाख. जगाच्या आकड्यातली निम्म्याहून अधिक माणसे एकाच विभागात असल्यामुळे तिथल्या मोजणीत थोडी जरी चूक झाली, तरी जगाचा आकडा हलतो.

चाचणीची सोय नव्हती, तेव्हा रुग्ण कसे ओळखत?

लक्षणांवरून. ऑक्टोबर 1985 मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी येथे जागतिक आरोग्य संघटनेने बैठक घेतली आणि प्रयोगशाळेशिवाय वापरता येईल अशी एड्सची व्याख्या ठरवली. वजनात 10 टक्क्यांहून अधिक घट, महिन्याहून अधिक काळ जुलाब आणि महिन्याहून अधिक काळ ताप ही तीन मोठी लक्षणे. दीर्घकाळ खोकला, अंगभर खाजरे पुरळ, तोंडातील बुरशी, वारंवार होणारी नागीण अशी काही लहान लक्षणे. किमान दोन मोठी आणि एक लहान जुळली, आणि कुपोषण किंवा कर्करोग यांसारखे दुसरे ठळक कारण नसले, की तो रुग्ण एड्सचा धरायचा.

ज्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकसुद्धा धड चालत नव्हता, तिथे ही व्याख्या उपयोगाचीच होती. पण वजन घटलेला, ताप येणारा आणि खोकणारा क्षयरोगीही तीत सहज बसत असे. शिवाय ती शेवटच्या टप्प्यातील आजारी माणसेच दाखवत होती. अशा रुग्णांचा संसर्ग साधारणपणे आठ-दहा वर्षांपूर्वीचा असल्याने त्यांची संख्या आजच्या साथीविषयी फारसे काही सांगत नसे.

मग गरोदर स्त्रियांच्याच रक्तावर इतका भर का दिला गेला?

कारण ते रक्त आधीच काढलेले असे. प्रसूतिपूर्व तपासणीत उपदंशासाठी प्रत्येक स्त्रीचे रक्त घेतले जाते. त्यातील उरलेल्या नमुन्यावरची नावाची चिठ्ठी काढून टाकायची, केवळ वय आणि ठिकाण ठेवायचे आणि मग एचआयव्हीची चाचणी करायची, ही सेंटिनल सर्वेक्षणाची पद्धत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुजली. दक्षिण आफ्रिकेने 1990 मध्ये असे वार्षिक सर्वेक्षण सुरू केले, तेव्हा सरकारी दवाखान्यांतील गरोदर स्त्रियांमध्ये बाधितांचे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी होते. 1994 मध्ये ते 7.6 टक्के झाले आणि 2000 मध्ये 24.5 टक्के. दहा वर्षांत काय घडले, हे दाखवणारा दुसरा कोणताही दस्तऐवज त्या देशाकडे नव्हता.

या पद्धतीच्या उणिवा उघड आहेत. पुरुष तिच्यात येत नाहीत. गरोदर स्त्री म्हणजे निरोधाविना लैंगिक संबंध आलेली स्त्री, त्यामुळे तरुण वयोगटात प्रमाण फुगते. उलट एचआयव्हीमुळे गर्भधारणेची शक्यता घटत असल्याने वयाने मोठ्या स्त्रियांमध्ये ते कमी दिसते. निवडलेले दवाखाने बहुधा शहरांत किंवा हमरस्त्यालगतच्या गावांत असत. तरीही तेच दवाखाने वर्षानुवर्षे त्याच पद्धतीने तपासले जात असल्यामुळे आलेखाची दिशा विश्वासार्ह असे. आमच्या मते या सर्वेक्षणांची खरी किंमत दिशा दाखवण्यातच होती. त्यांच्यावरून साऱ्या देशाचे प्रमाण ठरवायला गेले, तिथे गफलत झाली.

नैतिक प्रश्न त्याहून अवघड होता. जिच्या रक्तात विषाणू सापडला, तिला ते कधीच कळत नसे, कारण नमुना निनावी होता. उपचारच नव्हते तोवर ही गोष्ट कशीबशी समर्थनीय ठरत होती. आईकडून बाळाला होणारा संसर्ग टाळणारी औषधे दवाखान्यातच मिळू लागल्यावर मात्र ती टिकण्यासारखी नव्हती. त्यामुळे अनेक देशांनी निनावी तपासणी सोडून दिली आणि प्रत्येक गरोदर मातेच्या नेहमीच्या चाचणीचे, तिला सांगितले जाणारे निकालच मोजणीसाठी वापरायला सुरुवात केली.

घरोघर सर्वेक्षणे झाल्यावर आकडे एकदम का घसरले?

कारण दवाखान्यापर्यंत न येणारी माणसे प्रथमच मोजणीत आली. केनियाचे उदाहरण बोलके आहे. 2001 अखेर केनियातील प्रौढांमध्ये बाधितांचे प्रमाण सुमारे 15 टक्के असल्याचा यूएनएड्सचा अंदाज होता. 2003 च्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांबरोबर पुरुषांचेही रक्त घरी जाऊन तपासले गेले, तेव्हा 15 ते 49 वयोगटात ते 6.7 टक्के निघाले: स्त्रियांमध्ये 8.7 आणि पुरुषांमध्ये 4.6. साथ दोन वर्षांत निम्म्यावर आलेली नव्हती. गावखेड्यांतील लोकांचे आणि पुरुषांचे प्रमाण आधी जास्त धरले गेले होते.

असेच पुढे अनेक देशांत घडले आणि 2007 मध्ये यूएनएड्सला जागतिक आकडा 3 कोटी 95 लाखांवरून 3 कोटी 32 लाखांवर आणावा लागला. या घटीतील सुमारे 70 टक्के वाटा सहा देशांच्या सुधारित अंदाजांचा होता. अंगोला, केनिया, मोझांबिक, नायजेरिया आणि झिंबाब्वे हे त्यातले पाच आणि सहावा भारत, ज्याचा वाटा सर्वांत मोठा होता. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या 2005-06 च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच एचआयव्हीची चाचणी झाली. राज्यस्तरीय अंदाज देता येईल इतके नमुने ज्या मोजक्या राज्यांत घेतले गेले, त्यांत महाराष्ट्र होता. नॅकोचा सुमारे 52 लाखांचा अंदाज त्यानंतर 25 लाखांच्या घरात आला. निधी मिळवण्यासाठी आकडे फुगवले होते, असा आरोप तेव्हा झाला. जुन्या पद्धतीतील दोष मात्र तज्ज्ञांना ठाऊक होता आणि छापील अहवालांतही नोंदलेला होता. तो दुरुस्त करण्याइतके महागडे सर्वेक्षण आधी झालेले नव्हते.

सर्वेक्षणाचे पथक घरी येते, तेव्हा काय होते?

सुरुवातीच्या सर्वेक्षणांत बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब टिपकागदाच्या कार्डावरील छापील वर्तुळांत घेतले जात. कार्ड रात्रभर वाळवायचे, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह बंद पिशवीत घालायचे आणि राजधानीच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. कार्डावर नावाऐवजी बारकोड असे. घराचा पत्ता जुळवता येईल अशी माहिती आधी नष्ट करूनच चाचणीचा निकाल प्रश्नावलीशी जोडला जाई. सहभागी व्यक्तीला निकाल मिळत नसे. जवळच्या केंद्रात मोफत चाचणी करून घेता येईल, अशी चिठ्ठी तेवढी हाती पडे.

2015 च्या सुमारास झिंबाब्वे, मलावी आणि झांबिया येथून सुरू झालेल्या 'फिया' सर्वेक्षणांनी हे बदलले. अमेरिकेच्या 'पेपफार' या एड्सविरोधी मदत कार्यक्रमाच्या निधीतून आणि कोलंबिया विद्यापीठातील 'आयकॅप' या संस्थेच्या साहाय्याने झालेल्या या सर्वेक्षणांत चाचणी घरातच होते, निकाल समुपदेशनासह तिथेच दिला जातो आणि बाधित व्यक्तीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाणही मोजले जाते. रक्तात विषाणूविरोधी औषधांचा अंश आहे का, हेही पाहिले जाते, कारण आपण औषध घेतो हे पाहुण्यासमोर कबूल न करणारी माणसे सगळीकडे असतात.

या पद्धतीलाही भोके आहेत. खाणीत किंवा शहरात कामाला गेलेला पुरुष घरी भेटत नाही. कामगारांच्या बराकी, वसतिगृहे आणि तुरुंग हे 'कुटुंब' या व्याख्येत बसत नाहीत. ज्याला आपला संसर्ग आधीच माहीत आहे, तो रक्त द्यायला नकार देण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

सर्वेक्षण मोठे केले तर काय फरक पडतो?

नायजेरियाने ते करून पाहिले. लोकसंख्येने आफ्रिकेत सर्वांत मोठ्या असलेल्या या देशात 2018 मध्ये सुमारे 2 लाख लोकांपर्यंत पोहोचणारे सर्वेक्षण झाले. 15 ते 49 वयोगटातील प्रमाण 1.4 टक्के निघाले, जे आधी 2.8 टक्के मानले जात होते. बाधितांची संख्या 19 लाखांवर आली. याचा एक अनपेक्षित परिणाम असा, की उपचार घेणाऱ्यांची संख्या तीच राहूनही त्यांची टक्केवारी कागदावर एका दिवसात सुधारली.

बाधितांचे प्रमाण वाढले म्हणजे साथ वाढली असे समजायचे का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. एखाद्या वर्षी नवे संसर्ग किती झाले आणि जुने बाधित किती दगावले, या दोहोंवर एकूण प्रमाण अवलंबून असते. उपचारामुळे माणसे जगू लागली की मृत्यू घटतात आणि नवे संसर्ग कमी होत असतानाही एकूण बाधित वाढतात. 1990 च्या दशकात युगांडात प्रमाण घसरले, तेव्हा वर्तनातील बदलाचे मोठे कौतुक झाले. ते निराधार नव्हते, परंतु त्या घसरणीचा एक हिस्सा बाधितांच्या मृत्यूंमुळेही होता, हे राकाई जिल्ह्यात वर्षानुवर्षे त्याच गावांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाने दाखवले.

उपचार आफ्रिकेत पोहोचण्याच्या कथेत मुंबईचा वाटा आहे. तिहेरी औषधांचा वर्षाचा खर्च 10,000 डॉलरच्या पुढे असताना, फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्ला कंपनीने तीच औषधे एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संघटनेला प्रतिरुग्ण वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. पुढे ग्लोबल फंड आणि पेपफार यांचा निधी उभा राहिला, किमती आणखी उतरल्या, आणि 2024 अखेर जगभर 3 कोटी 16 लाख लोक उपचार घेत होते. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतील एखाद्या जिल्ह्यात आज पन्नाशीतले बाधित मोठ्या संख्येने दिसत असतील, तर त्यात समाधानाचाच भाग अधिक आहे.

मग नवे संसर्ग कसे मोजतात?

हे सर्वांत अवघड काम आहे. सरळ मार्ग म्हणजे बाधित नसलेल्यांची यादी करायची आणि काही काळाने त्याच माणसांना पुन्हा तपासायचे. युगांडातील राकाई आणि मसाका, टांझानियातील किसेसा, झिंबाब्वेतील मानिकालँड, दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल अशा ठिकाणी हे काम दशकानुदशके चालले आहे. पण चार-पाच ठिकाणे म्हणजे खंड नव्हे.

दुसरा मार्ग एकाच रक्तनमुन्यावरून संसर्ग ताजा की जुना हे ओळखण्याचा. संसर्गानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शरीरातील प्रतिपिंडांची विषाणूवरील पकड सैल असते, नंतर ती घट्ट होत जाते. प्रयोगशाळेत ही पकड मोजता येते. अडचण अशी, की औषधे घेणाऱ्यांचा जुना संसर्गही या चाचणीत ताजा भासतो, म्हणून व्हायरल लोड आणि औषधाचा अंश तपासून अशी माणसे वगळावी लागतात. इतके करूनही सर्वेक्षणात ताजे संसर्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात, आणि त्यावरून काढलेल्या राष्ट्रीय दराची मर्यादा साहजिकच रुंद असते.

एस्वातिनीमध्ये, म्हणजे पूर्वीच्या स्वाझीलँडमध्ये, 2011 आणि 2016 च्या सर्वेक्षणांची तुलना करता नव्या संसर्गांचा दर जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आढळले, आणि त्याच काळात औषधांमुळे विषाणू दबलेल्या बाधितांचे प्रमाण दुपटीने वाढले होते. प्रौढांतील बाधितांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशात हे घडले, म्हणून त्याला महत्त्व आहे.

एड्समुळे झालेले मृत्यू कसे कळतात?

बहुतेक देशांत मृत्यूची नोंदच अपुरी आहे आणि कारण तर त्याहून क्वचित लिहिले जाते. म्हणून घरच्यांना शेवटच्या आजाराची लक्षणे विचारून कारण ठरवले जाते, किंवा गणिती प्रतिमानातून अंदाज काढला जातो. दक्षिण आफ्रिकेत नोंदणी तुलनेने चांगली होती, पण दाखल्यावर क्षय, न्यूमोनिया किंवा जुलाब असे लिहिले जाई. तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी कारणाचा रकाना बाजूला ठेवला आणि मृतांच्या वयाकडे पाहिले. ऐन तारुण्यातील स्त्रियांचे मृत्यू झपाट्याने वाढत होते, आणि त्याचे दुसरे स्पष्टीकरण संभवत नव्हते. 2000 साली 15 ते 49 वयोगटातील सुमारे 40 टक्के मृत्यू एड्समुळे झाले, असा त्यांचा 2001 मधील निष्कर्ष होता. अध्यक्ष थाबो एम्बेकी यांच्या सरकारने त्यावर आक्षेप घेतला. सरकारी दवाखान्यांत सार्वत्रिक उपचार 2004 मध्ये सुरू झाले. त्या विलंबाची किंमत 3 लाख 30 हजारांहून अधिक प्राण अशी 2008 च्या एका अभ्यासाने काढली.

पश्चिम आफ्रिकेची मोजणी वेगळी का असते?

तिथे बहुतेक देशांत सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाण कमी आहे आणि संसर्ग देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने नशा करणारे अशा गटांत एकवटलेला आहे. घरोघरच्या सर्वेक्षणात ही माणसे आपली ओळख सांगत नाहीत. त्यांची संख्या काढण्याची एक साधी युक्ती अशी: एखाद्या शहरात त्या गटातील 500 जणांना सहज न मिळणारी किचेनसारखी वस्तू वाटायची. काही दिवसांनी त्याच गटातील 400 जणांना स्वतंत्रपणे गाठायचे. त्यांतील 100 जणांकडे ती वस्तू निघाली, तर पहिल्या फेरीत एकचतुर्थांश लोक गाठले होते, म्हणजे एकूण संख्या 2000 च्या आसपास. हिशेब सोपा आहे, भीतीच्या वातावरणात तो फसतो. युगांडाने 2023 मध्ये समलिंगी संबंधांविरुद्ध कठोर कायदा केला. अशा ठिकाणी दुसऱ्या फेरीला कोण समोर येणार?

दवाखान्यांच्या संगणकीय नोंदी असताना सर्वेक्षणांची गरज काय?

नोंदी रुग्णभेटी मोजतात, माणसे मोजतातच असे नाही. बदली होऊन गेलेल्या माणसाचे नाव जसे दोन गावांच्या मतदारयादीत राहते, तसा न सांगता दुसऱ्या दवाखान्यात गेलेला रुग्ण जुन्या ठिकाणी 'उपचार सोडलेला' किंवा अजून चालू, आणि नव्या ठिकाणी 'नवा' म्हणून नोंदला जातो. त्यामुळे काही जिल्ह्यांत उपचार घेणारे हे अंदाजित बाधितांपेक्षाही जास्त भरतात. सर्वेक्षण हा अशा नोंदींवरचा अंकुश आहे.

95-95-95 म्हणजे काय?

बाधितांपैकी 95 टक्क्यांना आपला संसर्ग माहीत असावा, त्यांतील 95 टक्के उपचारावर असावेत आणि त्यांतील 95 टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा, हे 2025 साठीचे उद्दिष्ट. तीनही टप्पे गुणले की सर्व बाधितांपैकी सुमारे 86 टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा असे होते. यूएनएड्सच्या 2025 च्या अहवालानुसार बोत्स्वाना, एस्वातिनी, लेसोथो, नामिबिया, रवांडा, झांबिया आणि झिंबाब्वे या सात देशांनी ते गाठले होते.

गेल्या वर्षीचा अहवाल आणि यंदाचा अहवाल यांतील आकड्यांची तुलना करता येते का?

करू नये. दरवर्षी नवी माहिती भरल्यावर मागील सर्व वर्षांचे आकडेही बदलतात. 2010 ची स्थिती हवी असेल तर ती 2010 च्या अहवालातून न घेता सर्वांत ताज्या अहवालातील 2010 च्या रकान्यातून घ्यावी.

2025 मधील निधीकपातीचा मोजणीवर काय परिणाम झाला?

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा औषधांची चर्चा झाली, मोजणीची फारशी झाली नाही. केनियापासून मालीपर्यंत ज्यांच्या आधारे अंदाज दुरुस्त झाले, ती लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे याच निधीवर चालत होती आणि फेब्रुवारीत त्यांचे काम बंद पडले. दवाखान्यांत नोंदी भरणाऱ्या कर्मचाऱ्यांचे पगारही अनेक ठिकाणी याच पैशांतून होत. पेपफारची मदत पूर्णपणे थांबली आणि तिची जागा कोणी घेतली नाही, तर 2029 पर्यंत 40 लाख जादा मृत्यू आणि 60 लाख जादा संसर्ग होतील, असा इशारा यूएनएड्सने दिला. हाही प्रतिमानातून आलेलाच आकडा आहे.

नवे सर्वेक्षण झाले नाही म्हणून स्पेक्ट्रम आकडा देण्याचे थांबत नाही. जुन्या सर्वेक्षणापासून पुढची वाट ते गृहीतकांवर काढत राहते. उपचार तुटलेल्या रुग्णांपैकी किती परतले, हे त्या गृहीतकांत हाताने भरावे लागते, आणि ज्या दवाखान्यात नोंद करणारा कर्मचारीच उरला नाही तिथला तो रकाना आजूबाजूच्या जिल्ह्यांवरून भरला जातो.